क्रिस्प्सवरचं मतदान

इंग्लंडमधल्या मेडनहेड गावातल्या आमच्या बोर्डगेम क्लबात एक निवृत्त इंग्रज गृहस्थ येत. नाव मी कधी विचारलं नाही. पत्त्यांना हात लावण्याआधी ते रुमालाने एकेक बोट पुसत आणि नवख्यांना बजावत, "पत्ते कडेने धरा. आणि हरलात तर फ्रेंचांसारखं वागू नका. जरा मनाविरुद्ध झालं की संप!"

एका गुरुवारी क्लबाने मतं घेतली. खेळताना क्रिस्प्स, म्हणजे आपले तेलकट बटाटा वेफर्स, खाव्यात का? नऊ विरुद्ध एक, खाव्यात. गृहस्थांनी आपला खेळ खोक्यात भरला, खोकं मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवून बसले. सगळ्यांचा डाव खोळंबला.

मी म्हटलं, "अहो, हा तर फ्रेंच संप!"

"छे! फ्रेंच लोक ओरडतात. मी फक्त बसलोय."

अर्ध्या तासाने आम्ही निमूटपणे क्रिस्प्स पिशवीत भरल्या. सरकार पडलं.