अटेंडर कोण?

मिरजेहून निघालो तेव्हा एकच बॅग होती. थंडी सरत आलेली, उन्हाळ्याआधी परतायचं, म्हणून भरलेले दोन स्वेटरही मी बाहेर काढून ठेवले होते. धाकटा भाऊ प्रकाश स्टेशनवर आला होता. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "दादा, ताईला घेऊनच ये." मी मान हलवली. थोरल्या बहिणीला लकवा झाला होता. इंदूरजवळ राऊला ती एकटीच राहायची. दाजी जाऊन तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी बिनलग्नाचा, शाळेच्या प्रयोगशाळेतून नुकताच रिटायर झालेला. रिकामा माणूस म्हणून माझी निवड झाली, यात कुणाचा दोष नाही.

तुम्ही मिरजेतली माणसं अजून फोनवर विचारता, तिकडे एवढं काय आहे? जे माझ्यासारखे पुण्याला नाहीतर परदेशात जाऊन बसलेत, ते विचारत नाहीत. दोघांसाठीही लिहितो आहे.

पहिली अडचण ही की ताईला यायचंच नव्हतं. तीस वर्षं तिने इथल्या शाळेत गणित शिकवलं. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लोंबत होता, पण "नाही" हा शब्द खणखणीत निघायचा. "मिरज तुमची," ती म्हणाली, "माझं सगळं इथं आहे." सगळं म्हणजे दोन खोल्या, व्हरांडा आणि कढीपत्त्याचं एक झाड. मला तो निव्वळ हट्ट वाटला. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, मी तिला समजावतच राहिलो.

दुसरी अडचण आंघोळीची. कामाला लावलेली बाई आठ दिवसांत सोडून गेली, दुसरी मिळेना. मी ताईला भरवत होतो, चालवत होतो, तिची वेणी घालायलाही शिकलो. पण न्हाणीघराच्या दाराशी आलं की दोघांचेही पाय अडायचे. मग ती स्टुलावर बसून डाव्या हाताने कशीबशी अंगावर पाणी घ्यायची आणि मी दाराबाहेर पाठमोरा उभा राहून "झालं का?" विचारायचो. एक दिवस उत्तर आलं नाही. स्टूल सरकलं होतं. हाड वाचलं, दंड काळानिळा झाला. चादरीत गुंडाळून तिला बाहेर आणलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी प्रकाशला फोन केला, "दिवाळीच्या आत आणतो तिला." ताईने ते ऐकलं. रडली नाही, फक्त जेवली नाही. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. शेजारीपाजारी विचारावं, हे डोक्यातच आलं नाही. घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर नेऊ नये, असं वडील म्हणायचे. ते वाक्य मी बॅगेत न भरताच सोबत आलं होतं.

पडल्यानंतर डॉक्टरांनी राऊतल्याच एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठवलं. ताई आत, मी बाहेरच्या बाकावर. थोड्या वेळाने नर्स ओरडली, "शकुंतला मैडम के अटेंडर कौन हैं?" शकुंतला म्हणजे ताईच, पण मी खुशाल बसून. आमच्याकडे दवाखान्यात "नातेवाईक कोण?" असं विचारतात. अटेंडर म्हणजे मला वाटलं दवाखान्याचा पगारी माणूस, खाकी शर्टातला. नर्स तीनदा ओरडली, तसा मी त्याला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. पेशंट आत ताटकळतोय आणि हा बाबा कुठे चहा पीत बसलाय!

बाकावर शेजारी बसलेल्या बाई इंदुरी थाटात म्हणाल्या, "भिया, तुम्हालाच आवाज देऊन राहिली ती. अटेंडर तुम्हीच ना?"

"मी भाऊ आहे त्यांचा."

"हाँ, तो वही. भाऊ असो, सून असो, इथं सगळे अटेंडरच."

या शोभा वानखेडे. माहेर महूचं, घरात दोन पिढ्या फौजेत. सासरे निवृत्त हवालदार, त्यांचाही एक हात लकव्याने गेलेला, त्यांना घेऊन त्या रोज यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी सरळच विचारलं, "ताईंच्या आंघोळीचं कसं करता?"

"चाललंय," मी म्हणालो.

"चाललंय म्हणजे नाही चालत. माझं पण नाही चालत. बाबूजी माझ्या हातून दाढी नाही करून घेत, कपडे बदलू देत नाहीत. फौजी आदमी, सुनेसमोर शर्म येते. मिस्टर महिन्यातले वीस दिवस टूरवर." मग भाजी बदलून घ्यावी इतक्या सहज त्या म्हणाल्या, "एक काम करू ना. तुम्ही बाबूजींचं बघा, मी ताईंना आंघोळ घालते. अदलाबदल!"

मी म्हटलं, विचारून सांगतो. विचारायला दोन दिवस लावले. ताई वाकड्या तोंडाने म्हणाली, "एवढ्याला दोन दिवस?"

मंगळवारी शोभाताई बाबूजींना घेऊनच आल्या. मी व्हरांड्यात त्यांची दाढी करत होतो. ते गालावरून हात फिरवून तपासायचे आणि म्हणायचे, "दोबारा." न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता, दोन बायकांची बडबड, आणि मध्येच ताईचं हसू. ताई हसते, हे मी विसरलोच होतो. पाणी गरम करायचं निमित्त करून आत गेलो आणि ओट्याला धरून रडलो. इतके महिने एकट्यानेच ओढत होतो, हे तेव्हा कळलं.

मग मंगळवार आणि शनिवार ठरूनच गेले. मिरजेत सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं आम्ही दार लावून केलं आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. आता वाटतं, आईला एखादा वेगळा आवाज ऐकायला आवडला असता. मी हल्ली टमाटर म्हणतो, फुरसत म्हणतो, बाकावर नवा माणूस दिसला की आपणहून चौकशी करतो.

दिवाळीला तीन आठवडे उरले तरी तिकिटं काढली नव्हती. का, ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. एका गुरुवारी शोभाताई म्हणाल्या, "आज तुम्ही बाहेर जा. दो घंटे. मी बसते ताईंजवळ." कुठे जायचं ते सुचेना. बसने इंदूरच्या राजवाड्यापर्यंत गेलो, एक कचोरी खाल्ली, दुकानं बघितली. परतीच्या बससाठी उभा होतो, तेवढ्यात प्रकाशचा फोन आला. गाड्यांचा गोंगाट ऐकून म्हणाला, "बाहेर आहेस वाटतं. घरी कधी येतोयस?"

मी घड्याळ बघितलं. "साडेचारपर्यंत. बस मिळाली तर त्याच्या आधीच."

पलीकडून तो हळू म्हणाला, "दादा, मी मिरजेचं विचारत होतो."

माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

"ताईसाठी खालची खोली रिकामी ठेवलीय," तो म्हणाला. "पोरांना अभ्यासाला देऊन टाकू का?"

"दे," मी म्हणालो.