इंगाची पाच मिनिटं

इंगाला निरोप देणं आमच्या गावात कुणालाच कधी जमलं नाही. आपण दारात येऊन "जपून जा गं" म्हणायला तोंड उघडावं, तोवर बाई चढाच्या पलीकडे. काय बोलायचं ते घरात बोला. एकदा पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की तिला मागचं काही ऐकू येत नाही. मी तिला चाळीसहून जास्त वर्षं ओळखते, त्यातली निम्मी तिच्या पाठीकडे बघण्यात गेली. माझ्या बोटातली अंगठी मला सैल होते त्याचं कारणही तेच, पण ते नंतर सांगते.

ही सवय तिला लागली ओढीच्या रेनडिअरांमुळे. तरुणपणी ईस्टरच्या शर्यतीत ती घसरगाडीवर बसली की भल्या भल्या पुरुषांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. जुंपलेला रेनडिअर उगाच उभा ठेवला तर हटून बसतो, मग दुसऱ्या दिवशीही जागचा हलत नाही. म्हणून दोर हातात आला की उडी मारून बसायचं आणि निघायचं. ओढीचे रेनडिअर गेले, बर्फावर धावणारी स्नोमोबिल आली, पण बाई तीच राहिली. दोरी ओढली, इंजिन धडधडलं, की त्याच क्षणी अंगठ्याखालचा ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला.

आज ती सदुसष्ट वर्षांची आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एप्रिलमध्ये आम्हा सामी लोकांचे रेनडिअरांचे कळप पठारावरून किनाऱ्याकडे निघतात, तेव्हा सगळ्यांच्या पुढे वाट पाडत जायचा मान तिच्या नवऱ्याचा होता. तो तिने घेतला. कुणी दिला नव्हता, तिने सरळ घेतला. तिचा धाकटा दीर ओव्ला याला ते अजून पचलेलं नाही.

गेल्या शरद ऋतूत तिने जुनी, हवेवर थंड होणारी खटारा गाडी मोडीत काढून नवी घेतली. तीही टू-स्ट्रोकच, पण पाण्यावर थंड होणारी. आणि फेब्रुवारीत ती घरामागच्या चढावर, निम्म्या वाटेत, खाडकन बंद पडली. इंजिन सीझ, पिस्टन आतल्या आत अडकलेला. इंगा खाली चालत आली आणि गाडी माझ्या नवऱ्याच्या गॅरेजमध्ये ओढून आणवली.

माझा नवरा सम्मोल. गावातली सगळी इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली आहेत, आणि तो बोलतोही इंजिनांशीच जास्त. त्याने पिस्टन काढला, म्हणाला तेल कमी पडलं असणार. ऑइल पंप उघडून बघितला तर तो ठणठणीत. तरी नवा पिस्टन टाकला. गाडी चालू ठेवून आत आला, दोन कप कॉफी प्यायला आणि मग गोठलेल्या तळ्यावर तीस किलोमीटर पळवून आणली. काही तक्रार नाही. इंगा घेऊन गेली, आणि नवव्या दिवशी गाडी पुन्हा त्याच चढावर सीझ.

आता त्याला वाटलं, कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय, इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. पिस्टन पुन्हा नवा टाकला, कार्बोरेटर साफ केला, सगळे सील बदलले. पुन्हा चालू करून आत आला, पुन्हा कॉफी, पुन्हा तळ्यावर चक्कर. गाडी एकदम झकास. लोक म्हणायला लागले की चढाखाली राहणारी माणसं, म्हणजे जमिनीच्या पोटातली, इंगावर रागावलीत. इंगाने तिथल्या दगडावर त्यांच्यासाठी कपभर कॉफी ओतली. विश्वास आहे का विचारलं तर म्हणाली, नाही, पण कॉफी शिळीच होती.

निघायला दहा दिवस राहिले तेव्हा सगळ्या कळपवाल्यांची बैठक झाली. पुढची गाडी बंद पडली तर मागचा कळप फुटतो, आणि माद्या गाभण असतात, ते खरंच आहे. ओव्लाने सगळ्यांसमोर सांगितलं, "वहिनी, अजून एकदा बंद पडली तर पुढे मी जाणार. तुमची जनावरंही माझ्या कळपात घालू. तुम्ही आता घरी बसा, आराम करा." आराम हा शब्द त्याने असा काही उच्चारला की मलाच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इंगाने घरी बसायचं म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

आणि चौथ्या दिवशी गाडी तिसऱ्यांदा सीझ झाली. तोच चढ, तीच जागा. नशीब, ओव्ला तेव्हा गावात नव्हता. सम्मोलने रातोरात काही केलं नाही, गुपचूप गाडी झाकून ठेवली आणि सकाळी तिन्ही वेळचे पिस्टन माझ्या पावाच्या फडक्यावर मांडून बसला. मी तोंड सोडलं. त्याने ऐकलं नाही. पिस्टन फिरवत म्हणाला, "हे बघ. तेल कमी पडलं तर सगळीकडे ओरखडे येतात. पेट्रोल कमी पडलं तर डोकं जळतं. इथे डोकं स्वच्छ आहे आणि बाजूंना चार ठिकाणी चार डाग. तिन्हींवर तसेच."

मग त्याने ते मला समजावलं, म्हणजे स्वतःलाच. गार इंजिन एकदम जोरात पळवलं की आतला पिस्टन पटकन तापून फुगतो, बाहेरचा सिलिंडर मात्र थंड पाण्यात बसलेला असतो, तो फुगत नाही. पिस्टनला जागा उरत नाही आणि तो चार ठिकाणी घासतो. जुनी गाडी ढिली होती, तिने हे सोसलं. मी विचारलं, मग तुझ्या हातात का नाही झालं? त्याने माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे. तेवढ्यात त्याला कळलं, तो आत कॉफी पीत असायचा तेवढा वेळ गाडी बाहेर तापत असायची, आणि तो हसत सुटला.

इंगाला सांगणं मात्र सोपं नव्हतं. तो म्हणाला, "इंगा, गाडीत दोष नाही. तुझी निघायची घाई तिला मारतेय."

"मी ओढीचं जनावर उभं ठेवत नाही. ठेवलं की बिघडतं."

"हे जनावर नाही गं."

"म्हणजे ओव्लाचंच खरं," ती उठत म्हणाली. "बाईला गाडी चालवता येत नाही."

ती उंबऱ्याशी पोचली होती, आणि उंबऱ्यापलीकडे तिला काही ऐकू येत नाही. मी तिची बाही धरली. म्हटलं, "अगं, ह्या माणसाला सकाळी कॉफी पोटात गेल्याशिवाय कामाला लावून बघ. धड उभा राहत नाही. तुझी गाडी ह्याच्यावर गेलीय, दुसरं काही नाही." ती सम्मोलकडे बघून खो खो हसली. पाण्याची नळी हाताला कोमट लागेपर्यंत निघायचं नाही, साधारण पाच मिनिटं, एवढं तिने कबूल केलं, आणि सम्मोलने पुन्हा नवा पिस्टन टाकला.

निघायच्या सकाळी उणे अठरा होतं. कळप खाली तळ्यावर गोळा झालेला, गाड्या सुरू झालेल्या. इंगाने दोरी ओढली. इंजिन लागलं आणि तिचं सगळं अंग पुढे झुकलं. मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि बसून राहिली. ओव्ला मागून ओरडला, वहिनी, पेट्रोल संपलं की हिंमत? ती शांतपणे म्हणाली की इंजिन कॉफी पितंय.

सम्मोल नळीवर हात ठेवून शेजारी उभा. चौथ्या मिनिटाला इंगा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सम्मोल, त्या ईस्टरला शर्यतीआधी तू माझ्या घसरगाडीशी आला होतास. काहीतरी म्हणत होतास. काय होतं रे?"

माझा नवरा कानापर्यंत लाल झाला. त्याने नळी नीट चाचपली. "लगाम सैल होता," तो म्हणाला. "कोमट झाली. नीघ आता."

ती गेली. आम्ही सगळे मान वर करून चढाचा आवाज ऐकत होतो. दगडापाशी आवाज पोचला तेव्हा मी सम्मोलचा हात धरला. आवाज दगड ओलांडून वर गेला, माथ्यावरून पलीकडे उतरला, आणि कळप तिच्या मागोमाग हलला. ओव्ला सगळ्यात मागे, बर्फाचा फवारा खात. पाचव्या दिवशी किनाऱ्यावरून तिचा निरोप आला की पोचलो, एकदाही बंद नाही, पहिलं पाडस झालं.

लगाम सैल होता म्हणे. बेचाळीस वर्षांपूर्वी त्या सकाळी त्याच्या हातमोज्यात चांदीची अंगठी होती, इंगाच्या बोटाच्या मापाची. ती माझ्या बोटात आली ती पुढच्या वर्षी. अजून सैल होते, कणीक मळताना काढून ठेवावी लागते. इंगा पाच मिनिटं थांबली त्या सकाळी मी ती बोटात फिरवली आणि मनापासून देवाचे आभार मानले की ओढीच्या रेनडिअराला कॉफी लागत नाही.