सदाशिवचा चिमटा

पारनेरच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथं औषधं संपायची, किस्से कधीच संपायचे नाहीत! त्यातले निम्मे एकट्या सदाशिवचे. हा आमचा ड्रेसर, गुरांच्या जखमा धुऊन बांधणारा. गोऱ्हे खच्ची करायचा मोठा लोखंडी चिमटा कायम त्याच्याच हातात.

*

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी सदाशिवच्या एका अंडाला गाठ आली. पठ्ठ्यानं कुणाला सांगितलं नाही, बैलाच्या सुजेचं मलम चोळत बसला! डॉक्टरसाहेबांना कळलं तसे ते कडाडले, "अरे, तू बैल आहेस का?"

"न्हाई साहेब, पन मलम लई चांगलं हाय!"

*

निघाला कॅन्सर. मीच त्याला मुंबईला घेऊन गेलो. तिथले सर्जन म्हणाले, "एकच काढायचंय. दुसरं शाबूत आहे. बायकोबरोबरचं सगळं पहिल्यासारखं होईल."

सदाशिव उसळला, "मला नका सांगू डाक्टर! ह्याच कामात माझी हयात गेली!"

हा काय काम करतो, ते मी त्यांना नंतर सांगितलं.

*

बरा होऊन आला, पेढे वाटले. पण गडी घरी झोपायला जाईना! अंथरूण दवाखान्याच्या पडवीत. म्हणे, गुरांवर लक्ष ठेवायला माणूस पाहिजे. दवाखान्यात तेव्हा एक शेळीसुद्धा मुक्कामाला नव्हती!

मला एकट्याला म्हणाला, "बायकूजवळ गेलो आन् काईच जमलं न्हाई तर? तोंड कुठं लपवू?"

*

डॉक्टरसाहेबांनी त्याला गावचा वळू दाखवला. तारेत अडकून त्याचं एक गेलेलं, तरी तालुकाभर वासरं! "बघ याच्याकडं!"

"बघितलं साहेब. पन त्याला कुठं रोज एकाच बायकूला तोंड दाखवायचंय?"



*

आणि मग एका संध्याकाळी त्याची बायको, सखूवहिनी, थेट दवाखान्यात! पदर खोचून साहेबांना म्हणाल्या, "मुंबईच्या डाक्टरनं एक काढलं, ह्यांनी उरलेलं हितं दावनीला बांधून ठिवलंय! मला मानूस जित्ता पाहिजे हुता, त्यो मिळाला. बाकीचं आमी दोघं बघू!"

अंथरूण काखोटीला मारलं आणि चालू लागल्या. सदाशिव त्यांच्या मागं.

दुसऱ्या दिवशी गडी जन्मात पहिल्यांदा उशिरा आला. दारात खच्ची करायला आणलेले तीन गोऱ्हे बांधलेले, मालक ताटकळलेले. साहेबांनी चिडून चिमटा पुढं केला. सदाशिवनं तो घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि दारात येऊन ओरडला, "पाव्हनं, सोडा गोऱ्हे, न्या घरी! आज कुनालाच न्हाई!"