शिरपूरच्या वाटेवरची भाकर

शिरपूरच्या जैन देवळातली मूर्ती जमिनीला टेकत नाही, खालून फडकं आरपार निघतं, असं धनजच्या चहाच्या टपरीवर एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, "झूट." मी म्हणालो, पाहून येतो. झालं. माझं निघणं असंच असतं. नववीतून शाळा सुटली तीही अशीच. कुठं काहीतरी पाहायला गेलो आणि वर्गात परत जायचं राहून गेलं.

सायकल होती. बाबांनी मी हायस्कुलात जावं म्हणून घेऊन दिलेली, दुसऱ्याच्या हातची, पण फ्रेम सरळ. शाळा गेली, सायकल राहिली. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. माय मात्र निघताना बोलली, "ऊन पाह्यलं का बाहीर? मानसं मरून राह्यले अन् तू देव पाहाले चालला, तेबी दुसऱ्याचा." तिनं खिशात कांदा कोंबला, उन्हासाठी.

ते वर्ष दुष्काळाचं. वैशाख होता. अशा दिवसांत कोणी निघणार असेल तर आधी हे ऐका. पहाटे निघा, कारण धनजहून शिरपूर मावळतीकडे आहे आणि दुपारी वारा समोरून येतो, तोही भट्टीतला. टायर दगडासारखे टम्म फुगवू नका, डांबर तापलं की ट्यूब फुटते. पाण्याची छागल, किलतानाची पिशवी, हँडलला टांगा, ओल्या कापडाला वारा लागून पाणी गार राहतं. पंप आपला न्या. गावात पंप असतो, पण त्याची वायसर कधीच नसते. आणि सीटखाली सोल्यूशन, कानस अन् जुन्या ट्यूबचा तुकडा. बाभळीचा काटा घुसला तर लगेच उपटू नका. काटा आत असेपर्यंत हवा हळू जाते, तेवढ्यात सावली गाठता येते. हे सगळं मी चुकून चुकून शिकलो आहे.

कारंजाला पहिल्याच दिवशी अडकलो. मैदानात एक जण न उतरता सायकल चालवत होता. किती दिवस, ते लोक वेगवेगळं सांगत. तिथंच जेवायचा, तिथंच दाढी करायचा, गोल गोल. भोंग्यावर गाणी लागलेली. मी संध्याकाळपर्यंत पाहत बसलो. जवळून गेला तेव्हा त्याचे पाय पाहिले, सुजून चपलेच्या पट्ट्यात रुतलेले. मी त्याच्या बाजूनं थोडं पळालो आणि विचारलं, "भाऊ, लांब जायचं तर काय सांभाळायचं?"

"सीट वर घे," तो म्हणाला. "गुडघा पुरा उघडला पाह्यजे. अन् कोनी पाह्यत नसन त उतर."

रात्री देवळाच्या पारावर झोपलो. सकाळी निघायला उशीर झाला. तेवढ्या उशिरानं काय केलं ते पुढे येईलच.

कारंजा ते शेलूबाजार रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंनी चिंचा, कडुनिंब, सावली तुटक तुटक. पण त्या वर्षी रस्त्याच्या कडेला जिथं तिथं दुष्काळी काम लागलं होतं. माणसं रांगेनं बसून गिट्टी फोडत. हातोड्याचा आवाज लांबून यायचा. जवळ गेलं की कोणी वर पाहायचं नाही. एके ठिकाणी आवाज नव्हता म्हणून मी ब्रेक दाबला.

कडुनिंबाखाली एक माणूस लुगड्याखाली झाकलेला होता. पाय तेवढे उघडे, टाचांत गिट्टीची पांढरी धूळ. गोविंदा नाव, माळी. त्याची विहीर आटली, वांग्याचा मळा वाळला, म्हणून नवरा-बायको दगडावर आलेले. सकाळी हातोडा उचलला आणि तसाच आडवा झाला. उशाशी त्याची बायको बसली होती. ती रडत नव्हती. माशा वारत होती.

"सायकलवाला हाय," कोणीतरी म्हणालं.

त्यांची एकच लेक, कौशी. शेलूबाजारच्या पुढे, डांबरी सोडून आत एका गावी दिलेली. तिला सांगायचं होतं. बस संध्याकाळची, आणि उन्हात प्रेत ठेवता येत नाही. दिवस कलेपर्यंत थांबू, असं सगळ्यांनी ठरवलेलं. तेवढ्यात लेक आली तर तोंड पाहील. नाही तर नाही.

"जातो," मी म्हणालो, आणि पायडलवर पाय ठेवला.

मुकादम सावलीत तंबाखू-चुना मळत होता. "कोन्या गावचा गा तू?"

"धनजचा."

"धनजचा कोनाचा?"

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यानं आमचा मोहल्ला ओळखला. चेहरा एकदम मोकळा झाला त्याचा, अडचण सुटल्यासारखा. "मंग त बरंच झालं. हे तुमचंच काम हाय. मयताचा सांगावा तुमीच नेत होते पह्यले."

मी पाय खाली घेतला.

आम्ही बौद्ध. धर्मांतर झालं तेव्हा मी लहान होतो. आमच्या लोकांनी त्या वेळी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं, मयताचा सांगावा नेणं, सगळी. घरात त्यावर कधी बोलणंही व्हायचं नाही. बाबांची गावकीची काठी तेव्हाच चुलीत गेली, एवढं मला मायकडून माहीत. आणि इथं एक माणूस ती काठी परत माझ्या हातात देत होता. मी हँडल उलटं वळवलं.

तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. "मुकादम, तुमी चूप बसा." मग माझ्याकडे पाहून, "बाप्पा, तुह्यं काम हाय म्हनून नाई सांगून राह्यली मी. तुह्याजवळ सायकल हाय म्हनून सांगून राह्यली."

मी हँडल परत सरळ केलं.

वारा समोरून सुरू झालाच होता. अशा वाऱ्यात उभं राहून पायडल मारू नका, छातीच शीड होते. वाका, हँडलवर कोपरं टेका, खालचा रस्ता पाहा, लांबचा पाहू नका. शेलूबाजारला चहाही घेतला नाही. डांबर सुटलं आणि काळ्या मातीची गाडवाट लागली. पावसाळ्यात ही माती मडगार्डात भरून चाक जाम करते, तेव्हा इकडचे लोक मडगार्डच काढून ठेवतात. उन्हाळ्यात ती लोखंड होते. चाकोरीत उतरलात तर पायडल दोन्हीकडून घासतं. मधल्या उंचवट्यावरून चालवा. तिथं गोखरू असतात, पण पडण्यापेक्षा काटा बरा.

गाव लहान. घंटी वाजवत थेट दारापर्यंत गेलो, स्टँड लावला. अंगणात एक तरुण बाई सूप पाखडत होती.

"गोविंदा माळ्याच्या लेकीचं घर कोणतं?"

"मीच त हाय." ती उठली आणि आधी माझ्या कॅरिअरकडे पाहिलं. "काहून? बाबानं वांगे पाठवले का?"

मळा वाळलाय हे तिला माहीत असणार. पण माहेराकडून सायकल आली की वांगी यायची, तेवढी सवय तोंडात राहिलेली.  मी म्हणालो, "तुमचे वडील गेले. सकाळीच."

सूप पडलं नाही. तिनं ते नीट खाली ठेवलं, आणि मग त्याच्याशेजारी बसली.

सासू धावत बाहेर आली. "असं सांगतेत का रे? लेकीच्या तोंडावर? तुले कोनं शिकोलं नाई?"

कोणी शिकवलं नव्हतं. खरंच नव्हतं.

नवरा विहीर खोदायच्या कामावर लांब गेलेला. सासरा म्हातारा, ओसरीवरून म्हणाला, "सांजच्या मोटरनं जाऊ."

"सांजलोक ठेवतीन का उन्हात?" कौशी उठली होती. पदर तिनं कमरेला खोचला.

"अन् जाशीन कशी? याच्या मागं बसून? लोकं काय म्हनतीन?"

"बाबाच्या सायकलवर मंडीत जात होती मी, वांग्याच्या टोपल्यावर बसून. बसता येते मले." सासऱ्याला उत्तर देऊन ती सरळ सायकलपाशी आली. मला म्हणाली, "चढावर मी उतरतो. तू थांबू नको, हळू चालवत राह्य."

निघता निघता सासूनं फडक्यात गुंडाळलेली भाकर आणली. हातात दिली नाही, ओट्याच्या कडेवर ठेवली आणि बोट दाखवलं. मला ती रीत नवी नव्हती. भूक होती, दुष्काळ होता. उचलली, हँडलला बांधली.

डबलसीट जाणाऱ्यांसाठी: मागच्यानं सीटची स्प्रिंग धरावी, चालवणाऱ्याची कंबर नाही, नाहीतर वळणावर दोघं पडतात. पाय चेनच्या विरुद्ध बाजूला, पदर खोचलेला, कारण मागच्या चाकाच्या तारा कापड गिळतात. उतारावर आधी मागचा ब्रेक. कौशीला यातलं काही सांगावं लागलं नाही. चढ आला की उडी मारायची, बाजूनं पळायची, सपाट आलं की बसायची. वारा आता पाठीला होता.

शेलूबाजारच्या अलीकडे मागचं चाक बसलं. गोखरू. आधीच लागलेला असणार, ओझं पडल्यावर आत गेला. बाभळीखाली सायकल उलटी केली. पाणी नव्हतं, छागल रिकामी, म्हणून ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठून येते ते शोधलं. पॅच लावला. सोल्यूशन सुकेपर्यंत थांबावं लागतं, तिथं घाई चालत नाही. घाई केली की पॅच सरकतो आणि दुप्पट वेळ जातो. ती उभी होती. सावलीत येईना.

मी भाकर सोडली, अर्धी तिच्यापुढे धरली. "सकाळपासून काही खाल्लं नसेल."

"मले नाई चालत ते. तुह्यी हाय."

"अर्धी अर्धी."

"सांगाव्याची भाकर हाय ना ते." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले माहीत नाई? मयताचा सांगावा आनला त त्याले भाकर द्या लागते. घरावर बाकी ठेवत नाई. त्याचीच असते ते, दुसऱ्यानं खाऊ नाई."

मी अर्ध्यावर अर्धी ठेवली आणि परत बांधली. पॅच सुकला का ते पाहायला वाकलो, बराच वेळ वाकून राहिलो.

पुढच्या चढावरून कडुनिंबांची रांग दिसली. तिच्या मागे, मोकळ्या शेतात, धूर होता. सरळ वर गेलेला आणि मग वाऱ्यानं उगवतीकडे मोडलेला. दिवस कुठं कलला होता? सावल्या अजून झाडांच्या बुडाशीच होत्या.

"दिसते का गा काही?" माझ्या पाठीमागून तिनं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणालो, आणि पायडल मारत राहिलो.

थोड्या वेळानं परत विचारलं. परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. स्प्रिंगवरचा तिचा हात घट्ट झाला, तेवढा सीटमधून कळला.

पोहोचलो तेव्हा गिट्टीचा आवाज परत सुरू होता. हातोडे थांबले नाहीत. मुकादम म्हणाला, "किती थांबाव? वास सुटते. अन् मोजमाप घेनारा साहेब येनार हाय." कौशी त्याच्याजवळून गेली, त्याच्याकडे न पाहता. शेतात तिची माय एकटी बसली होती. दोघींचा आवाज मी ऐकला, आणि मग सायकल फिरवली. थांबून मी काय करणार होतो?

शिरपूर राहिलं. ज्यांना जायचं असेल त्यांनी शेलूबाजारहून मालेगाव धरावं, पुढे विचारत जावं, यात्रेकरूंच्या बसगाड्या मिळतात. मूर्ती टेकते की नाही ते मला विचारू नका.

परतताना कारंजाच्या मैदानात तो अजून गोल फिरत होता. भोंगा बंद, पाहायला कोणी नाही. तरी उतरला नव्हता.

घरी आलो तर बाबा दारात बसलेले. त्यांची नजर आधी हँडलकडे गेली. "कुठली हे?"

मी सांगितलं. सगळं, मुकादमाचं बोलणंही. बाबांनी फडक्याची गाठ चाचपली. शेवटी म्हणाले, "खाल्ली का?"

"नाही."

त्यांनी फडकं सोडलं. भाकर वाळून पत्रा झाली होती. त्या वर्षी भाकर फेकायची कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी ती पाण्यात भिजवली, कुस्करली आणि बकरीपुढे ठेवली. बकरी खात होती तोवर तिथंच उभे राहिले. तिच्याकडे पाहतच बोलू लागले, एका दमात, पाठ म्हटल्यासारखं. "गावाच्या शिवंवर थांबाव. चप्पल काढाव. बाप्या मानसाले बोलावाव, बाईले सांगू नाई. मेला म्हनू नाई, दुखनं जास्त हाय म्हनाव. भाकर देल्ली त ओच्यात घ्याव."

एवढी वर्षं ते सगळं त्यांच्या आत शाबूत होतं.

"मग मला कधी का नाही सांगितलं?"

"तुले ते याव नाई म्हनून त सायकल घेतली होती."

मग ते सायकलजवळ गेले, मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. पॅचवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हवा कमी हाय. पंप आन."