गोळीचा राग आणि माझा

सांबारात वाटाणे पडले होते, एवढ्यावरून मी आईला म्हणाले की या घरात माझा गळा दाबला जातोय.

वाटाणे मला आवडतात. हे मला बोलून गेल्यावर आठवलं, तरीही मी थांबले नाही. ताट सरकवून उठले. नव्या गोळीमुळे जमीन सारखी डावीकडे कलत होती, म्हणून भिंत धरली आणि भिंत धरूनच उरलेलं भांडण पुरं केलं.

फिट्सची जुनी गोळी मला मानवली होती. वजन वाढलं, हात थोडे थरथरायचे, पण फिट येत नव्हती. कुंभकोणमच्या डॉक्टरीणबाईंनी ती बदलली, कारण पुढेमागे दिवस राहिले तर पोटातल्या जिवाला ती घातक. कारण खरं आहे, मी वाचून खात्री केली. पण सांगताना बाई पूर्ण वेळ आईकडे बघत होत्या. गोळी गिळणार मी, पोट माझं, आणि चर्चा आईशी! आईनं बाहेर पडल्या पडल्या तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीला तुपाचा नवस बोलला. नवऱ्याचा पत्ता नाही, तूप मात्र ठरलं.

नवी हळूहळू वाढवायची, जुनी हळूहळू कमी करायची, आणि या दोघींच्या मध्ये मी. दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे. खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं: चक्कर, गुंगी, चिडचिड, आक्रमकपणा, ‘काही रुग्णांमध्ये आढळू शकते’. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. इतकं भेकड पत्रक मी पाहिलेलं नाही. कोणते काही रुग्ण? मी त्यांत आहे की नाही, ते सांगा ना.

त्याच दिवसांत मी तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांसाठी नोटीस, म्हणजे आमच्याकडचं पत्रक, लिहिली. पावसाळ्यात खड्डामागाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं आणि माणसं दिवसभर ओल्यात पाय सोडून लोकांच्या लग्नाच्या साड्या विणतात. एका बैठकीत लिहून झाली. आमच्या कामगार चळवळीच्या गटात सगळे एकमेकांना तोळर, म्हणजे सोबती, म्हणतात. गटातला सगळ्यात जुना तोळर ती वाचून ओरडला, “तोळर, काय खाऊन लिहिलंस हे? रोज खात जा!”

सगळे हसले. मीही हसले. रोज खातच होते, सकाळी एक, रात्री एक.

मग मी एक हिशेब मांडला. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरची मराठी पूजेची, स्वयंपाकाची, आजारपणाची. पुण्याकडच्या लोकांना ती जुनाट वाटते, वाटू दे. तिच्यात मी कधी भांडले नव्हते. भांडण रस्त्यावरचं, आणि रस्त्यावर तमिळ. वाटाण्यांवरून मात्र मी मराठीत ओरडले होते. म्हणजे तमिळमधला राग माझा, मराठीतला गोळीचा. हिशेब मला पटला. आठवडाभर टिकला असेल नसेल.

तंजावूरचं एक स्थळ आलं होतं. आमची मराठी मंडळी मोजकी, त्यामुळे स्थळ हातचं गेलं की पुढचं कधी, कोणी सांगावं. फोनवर आई मुलाच्या आईला सांगत होती, “प्रकृती उत्तम हो. हिचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही.”

“आई, हे खोटं आहे,” फोन ठेवल्यावर मी म्हटलं.

“अगे, लग्न झाल्यावर सांगूं की.”

“ही फसवणूक आहे! मी रस्त्यावर उभी राहून मालकांना खोटारडे म्हणायचं आणि घरात...”

“झालं. गोळी बोलायला लागली.”

पत्रकं लिहिणारीचं तोंड बंद करायचा याहून स्वस्त उपाय आजवर कुठल्याही मालकाला सुचला नव्हता. पण खरं सांगायचं तर मला मनातून वाटलं, असेलही. गोळीच असेल. आणि ते बोलणं अर्धं मराठी, अर्धं तमिळ झालं होतं, त्यामुळे हिशेबाचाही उपयोग नव्हता. त्या रात्री गोळी तळहातावर घेऊन बसले. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, हे पाठ होतं. गिळली.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, वाटाण्यांपासून तंजावूरपर्यंत. शेवटी विचारलं, “यातला माझा राग कुठला?”

“ते रक्त तपासून कळत नाही गं,” त्या म्हणाल्या. “ही कमी करत जाऊ, सोबत दुसरी सुरू करू. आपल्या मनानं एकही चुकवायची नाही.”

“मग राग जाईल?”

“गोळीचा असेल तर जाईल.”

“आणि त्यासोबतची हिंमत?”

या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ते मला नाही सांगता येणार.”

आई औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. तिची पिशवी आणि फोन माझ्याकडे. बाकावर बसून मला एकच भीती वाटत होती: राग उतरला आणि मलाही ‘लग्न झाल्यावर सांगूं’ हे पटायला लागलं तर? तंजावूरचा नंबर सगळ्यांत वर होता. लावला.

“मी मुलगी बोलतेय. मला लहानपणापासून फिट्सचा आजार आहे. औषध चालू आहे, सध्या बदलताहेत. आईनं सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.”

पलीकडे मुलाची आई. “बरं. घरांत विचारून कळवते,” आणि फोन बंद.

या सगळ्यात मला राग आला नव्हता. जराही नाही. बसची वेळ सांगावी तसा आवाज निघाला होता. मग बोललं कोण, गोळी की मी? आधी निदान अर्धवट कळत होतं, आता तेवढंही नाही.

आई आली. मी सांगितलं. तिनं औषधांची पिशवी बाकावर आपटली. “जीभ आहे की कात्री? त्या घरीं आतां काय तोंड दाखवूं मी? कोणी विचारलं होतं तुला?” आख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. मी तिला असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं.

नर्स दार उघडून बाहेर आली. “इथं पेशंट कोण?”

आईनं ओरडणं न थांबवता माझ्याकडे बोट केलं.