न धुतलेली चादर

“गावाकडच्या बाया वावरात बाळंत होतात अन् दुसऱ्या दिवशी निंदायला जातात म्हणे. मग हिला एक चादर धुवायला काय झालं?”

सिस्टर बोलली. साऱ्या वार्डासमोर, माह्या पोरीले. माही लेक कोमल, तीन दिवसांची बाळंतीण, खाटेच्या कडेले बसून होती. खालची हिरवी चादर रक्तानं भरली होती. सकाळपासून ही दुसरी.

मी खिडकीच्या गजाबाहेर उभा होतो. बाळंतिणीच्या वार्डात गड्यामाणसाले मनाई. बाकी प्रत्येक खाटेजवळ कोणाची माय, कोणाची सासू. कोमलची माय चार वर्षांआधी गेली. सासू अंथरुणाले खिळलेली. जावई पुण्याच्या कंपनीत, सुट्टी नाही. राहिलो मी. चांदूर बाजाराकडचा फुलं लावणारा म्हातारा, चौथी नापास. दवाखाना अमरावतीचा. मागच्या मोकळ्या जागेत तीन विटा मांडून मी मऊ भात शिजवायचो, डबा गजातून आत द्यायचो. ती भिंतीकडं तोंड करून खायची. मी बाहेरून पाहायचो. एवढीच आमची भेट.

आता खरं लिहितो. सिस्टर असं बोलली तवा मी हात जोडले.

बाजारात अडत्यासमोर मी कधी मान खाली घातली नाही. भाव पटला नाही तर झेंडू बैलासमोर टाकला, पण गयावया केली नाही. तो मी. वाटलं, बाई चिडली तर पोरीले इंजेक्शन देणार नाही. गजातून पोरीले म्हणलो, “धुऊन टाक वं माय. बाईले राग नको येऊ देऊ.”

कोमलनं माह्याकडं पाहिलं. बाळ शेजारच्या बाईजवळ दिलं, चादर उचलली अन् भिंत धरत धरत मागच्या नळावर आली.

नळ उघड्यावर. खाली बसताना तिनं ओठ दाताखाली धरला. टाके होते. दोनदा चादर घासली अन् कपाळ भिंतीले टेकवलं. तोंड पांढरं फटक. मी गेलो, तिच्या हातातून चादर घेतली, म्हणलो, ऊठ, जाऊन पड.

“बा, नको. विटाळ आहे. लोक पाहून राहिले.”

पाहूनच राहिले होते. एक जण मिशीत हसला. आमच्यात बाळंतपणाच्या कपड्याले गडी हात लावत नाही. कोमलच्या वेळी तिची माय बारा दिवस मागच्या खोलीत होती अन् मी ओट्यावर. आतून कण्हण्याचा आवाज यायचा. मी बिडी ओढत बसायचो. काय दुखते, कुठं दुखते, एकदाही विचारलं नाही. बायाचं बाया पाहतात, असं वाटायचं. बायको मेली, तरी विचारायचं राहिलंच.

चादर हातात आली अन् वास आला.

तो वास मले माहीत होता. आमची ढवळी गाय व्याली होती तवा जार, म्हंजे वार, पुरा पडला नव्हता. तिसऱ्या दिवशी असाच वास. मी जनावराच्या डॉक्टरले मोटरसायकलवर बसवून गोठ्यात आणला होता. आता चादरीत लिंबाएवढ्या गाठी होत्या. कोमलचा हात धरला. तापलेला.

मी नळ बंद केला. चादर भिजली तेवढी भिजली. तशीच गुंडाळली.

पोरीले खाटेवर पाठवून सिस्टरले सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांनाच रक्त जातं, पहिलटकरीण आहे, नखरे जास्त आहेत. आधी चादर धुऊन आणा. मोठे डॉक्टर तवाच वार्डात आले होते. मी मनाईच्या पाटीखालून आत शिरलो. वॉचमननं दंड धरला, मी झटकला. डॉक्टरच्या टेबलावर, कागदांवर, चादर उघडली.

“ही मी धुणार नाही. पहिले पाहा.”

डॉक्टरनं खुर्ची मागं ओढली. मी जाराचं सांगितलं, गाईचं सांगितलं, वासाचं सांगितलं. मागं उभे शिकाऊ डॉक्टर तोंड दाबून हसले. मोठाही हसला.

“आजोबा, गाय आणि बाई एकच असते का?”

“नाही साहेब. गाईजवळ आमी लवकर जातो.”

मोठा डॉक्टर खुर्चीतून उठला.

त्यानं हातमोजे घातले. दुपारी मशीनवर पाहिलं. वारेचा तुकडा आत राहिला होता. पोरीले ऑपरेशन थेटरात नेलं, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. मी बाकावर बसून होतो. मांडीवर तीन दिवसांचं लेकरू, पायाशी गुंडाळलेली चादर. शेजारी बसलेले दूर सरकले.

माफी कोणी मागितली नाही. पोरीले दवाखान्यातून सोडायच्या दिवशी तीच सिस्टर म्हणाली, एक हिरवी चादर कमी आहे, जमा केल्याशिवाय कागद मिळणार नाही. पोरगी मरून राहिली होती ते दिसलं नाही, चादर कमी आहे ते दिसलं. मी म्हणलो, लिहा, म्हाताऱ्यानं नेली. दुपार टळेपर्यंत दारात बसलो. कागद दिला.

गावात आता देवळाले माही फुलं नको. माहे हात बाटले म्हणे. भाऊबंद ओट्यावर येत नाहीत. नका येऊ. जावई फोनवर म्हणतो, जाऊ द्या मामा, वाचली ना. कोमल कामापुरतं बोलते. मी गजातून काय म्हणलो होतो ते ती विसरली नाही. तिनं विसरूही नये.

मी दवाखान्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहून राहिलो. माह्या हातानं. अक्षर मोठं येते, ओळ वाकडी जाते, तरी कोणाकडून लिहून घेणार नाही. पहिल्या ओळीत गुन्हेगार म्हणून माहं नाव आहे. धुवाले सांगणारा मी, तिचा बाप. बाकीच्यायची नावं त्याच्याखाली.

चादर पोत्यात बांधून आढ्याले टांगली आहे. धुतली नाही, धुणार नाही. चौकशीले बोलावतील तवा घेऊन जाईन. टेबलावर उघडीन. अन् हात जोडणार नाही.