चौथ्या पाळीचा हत्ती

माझ्या आत्याइतकी घाईची बाई भिलाईत झाली नाही, आणि दुर्ग-रायपूर जमेस धरले तरी सापडेल असे मला वाटत नाही. उद्याचे काम काल उरकण्यात तिचे सगळे आयुष्य गेले. रुआबांध्यातल्या तिच्या घरी पाहुण्याने चहा गरम असतानाच संपवावा लागतो, कारण कप विसळायला ती समोर उभी असते. एकदा आम्हा सगळ्यांना लग्नासाठी नागपूरला जायचे होते. आम्ही पावर हाउस स्टेशनवर वेळेत पोचलो, तर आत्या कुठेच नाही. ती इतकी आधी येऊन बसली होती की आदली, उशिराने धावणारी गाडी तिला मिळाली. आम्ही फलाटावर तिला शोधत होतो तेव्हा ती डोंगरगड ओलांडून, सहप्रवाशांना उतरायची तयारी करायला लावत होती. दुसऱ्या एका वेळी अर्धवट बातमी ऐकून ती शेजारच्या गल्लीत एका गृहस्थांच्या घरी सांत्वनाला गेली, आणि दार खुद्द त्या गृहस्थांनीच उघडले. ते दवाखान्यातून नुकतेच बरे होऊन आले होते. आत्या जराही गडबडली नाही. "बरं झालं तुम्हीच भेटले," ती म्हणाली. "तब्येत कशी हाय आता?"

अशा बाईने ऑटो थांबायच्या आधी उतरावे आणि गुडघा मोडून घ्यावा, यात कोणालाच नवल वाटले नाही. नवल वाटले ते नंतर. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितले की चालता येईल, पण पूर्वीसारखे भरभर नाही, जपूनच चालावे लागेल. आत्याने ते ऐकून घेतले आणि ती गप्प झाली. तिला गप्प बसलेले आमच्या घराण्यात कोणी पाहिले नव्हते. मामा गेले तेव्हासुद्धा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणत असू) ती रडता रडता मांडववाल्याला खुर्च्या मोजून घे म्हणून सांगत होती. आता मात्र ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सायकली बघत राही. सुनेने भाजी कुठली करू विचारले तर म्हणे, "कोणतीबी कर."

तिला त्या खिडकीतून उठवले माझ्या मुलीने. ऋचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि चित्रांच्या पत्त्यांचा एक खेळ खेळायची. प्रत्येकाने आपल्या आवडीचे पत्ते निवडून आपला जोड बांधायचा आणि दुसऱ्याच्या जोडाशी लढायचे. काही पत्ते जमिनीचे असतात. पाळीला एक जमीन मांडायची, आणि प्रत्येक जमिनीतून एकेक माना, म्हणजे एकेक शक्ती मिळते. ती खर्चून मग प्राणी, राक्षस, जादू वगैरे पटावर आणायचे. लहान प्राण्याला थोडी माना पुरते, मोठ्याला ढीगभर लागते. ऋचाने हे सगळे समजावून सांगितले. आत्याने एकच प्रश्न विचारला.

"पाळीले एकच जमीन कावून?"

"नियम आहे, आत्याआजी."

"कोन्या आळशानं केला?"

तिने पहिला जोड बांधला तो चपळ, छोट्या प्राण्यांचा. कोल्हे, ससाणे, मुंगसे. ते धावत जाऊन हल्ला करत आणि तितक्याच वेगाने मरत. आठवडाभर ती हरली. मग एका दुपारी मी गेलो तर पलंगभर पत्ते पसरलेले होते, आणि आत्या मुंगसांना हाकलत होती. "माहं चुकलंच," ती मला म्हणाली. "मी पंगत बसवून मग चुला पेटवून राहिली होती." रुआबांध्यातल्या निम्म्या लग्नांचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली झालेला आहे. आधी सगळ्या शेगड्या पेटवायच्या, मग मोठे पातेले चढवायचे, हे तिचे शास्त्र. तेच तिने पत्त्यांना लावले. तिने हिरव्या रंगाचे असे पत्ते शोधून काढले की जे स्वतः लढत नाहीत, पण माना वाढवतात. एका पत्त्याने जोडातली जादा जमीन ओढून आणता येई. काही वनातले चिमुकले जीव होते, जे पटावर आले की दर पाळीला माना देत. त्यांना आत्याने "सुना" असे नाव दिले, कारण ते आल्या दिवसापासून कामाला लागत. आणि या सगळ्या शेगड्यांवर चढवायला तिने निवडला एक प्रचंड हत्ती. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. हा हत्ती पटावर आला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचे, म्हणून त्याचे नाव भासरे. साध्या चालीने तो आठव्या पाळीला येतो. आत्या त्याला चौथ्या पाळीला आणू लागली.

"आत्याआजी, ये तो गजब है," ऋचा म्हणाली. त्या दिवशी आत्याने सुनेला बोलावून भाजी नीट सांगितली, आणि फोडणी कशी द्यायची तेही.

सिविक सेंटरमध्ये खेळण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर या खेळाच्या स्पर्धा होत. ऋचाने तिचे नाव घातले. मला काळजी वाटली. म्हटले, आत्या, जिना आहे, पोरांची गर्दी असेल, हरलीस तर मनाला लावून घेशील. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणते मी आता हळूच चालीन. चालीन ना. पन डोकं तर नाई मोडलं माहं. ते मले एकदा पाहू दे."

जिना चढायला तिला बराच वेळ लागला. त्यानंतर मात्र वेळ कोणालाच मिळाला नाही. पहिले दोघे विद्यार्थी तिने चहा यायच्या आत घरी पाठवले. शेवटी समोर आला एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा तरुण. हा तिथला अनेक वर्षांचा अजिंक्य. त्याची पद्धत उलटी होती. तो समोरच्याचा प्रत्येक मोठा पत्ता रद्द करणारे पत्ते राखून ठेवी आणि फार विचार करी. "आंटी, आप आराम से खेलिए," तो आदराने म्हणाला. आत्याला आरामाचा उल्लेखही सहन होत नाही.

तिने सुना मांडल्या, जमिनी ओढल्या, माना साठवली. चौथी पाळी आली. हत्ती तिच्या हातात होता, माना पुरेशी होती, आणि तिने तो टाकला नाही. मी मागे उभा होतो. मला वाटले दमली. तिने शांतपणे आणखी जमिनी आणल्या. समोरचा तरुण बुचकळ्यात पडून विचार करत बसला.

"बाबू, इतना क्या सोच रहे हो? गाड़ी छूट जाएगी," आत्या म्हणाली.

दोन पाळ्यांनी तिने हत्ती टाकला. त्याने लगेच आपली सगळी माना खर्चून तो रद्द केला आणि खुर्चीला टेकून बसला. आत्याने मान डोलावली. "ठीक है," ती म्हणाली. "बड़े भासरे गए. अब छोटे आते हैं." आणि त्याच पाळीत तसल्याच हत्तीचा दुसरा पत्ता पटावर ठेवला. तेवढी माना साऱ्या माडीवर फक्त तिच्याकडे होती. तरुणाने हातातले पत्ते पाहिले, माना संपलेल्या आपल्या जमिनी पाहिल्या, आणि उठून तिच्या पाया पडला. पोरांनी तिला खुर्चीसकट उचलायचे ठरवले, पण गुडघ्याच्या भीतीने फक्त टाळ्या वाजवल्या. त्या बराच वेळ वाजत होत्या. परतताना ऑटोत आत्या एवढी हसत होती की ड्रायव्हरने काय झाले म्हणून विचारले, आणि रुआबांधा येईपर्यंत त्याला सगळा खेळ शिकावा लागला.

आता ऋचा नोकरीसाठी हैदराबादला असते. दर रविवारी दोघी व्हिडिओ कॉलवर एकमेकींना मांडलेले पत्ते दाखवत खेळतात. गेल्या रविवारी मी आत्याशेजारी बसलो होतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. ऋचाने आधीच सांगितले होते की आज एकच डाव, नंतर तिला बाहेर जायचे आहे. चौथी पाळी आली. आत्यापुढे माना भरपूर होती आणि हातात हत्ती होता. टाकला असता तर डाव तिथेच आटोपला असता. तिने हत्ती हातातल्या पत्त्यांच्या मागे सरकवला आणि एक साधी जमीन मांडली.

"खेल तू," ती फोनकडे पाहत म्हणाली. "मले काई घाई नाई."